उरलेल्या उबेचा वाटा

झरीखेडा, मेळघाट
१८ मे २०२५

सौ. पार्वता हिला,

आशीर्वाद लिहिला तर तू चिडशील, 'प्रिय' लिहिलं तर इंदू ते मोठ्यानं वाचेल, म्हणून कोरंच सुरू करतो. मी सुखरूप पोचलो. परतवाड्यापर्यंत एसटीत बसायला मिळालं, पुढे कंपनीची जीप आली होती.

तू अबोला धरून बहिणीकडे, इंदूकडे, अमरावतीला गेलीस, हे मला शेजारच्या बिल्कीसभाभींनी किल्ली हातात देताना सांगितलं. अकोल्यात आपल्याच घराची किल्ली शेजारणीकडून घ्यायची म्हणजे काय असतं ते तुला कळायचं नाही. परतवाड्याहून तुला फोन लावला. तू उचललास आणि नुसता धरून ठेवलास. मला पलीकडून इंदूच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या, त्यावरून तुम्ही वरणभात खाल्ला असावा असं समजून मी फोन ठेवला. इथे डोंगरात तर फोन लागतच नाही. म्हणून हे पत्र. अबोल्याचा नियम बोलण्यापुरता आहे. लिहू नये असं आपल्या वऱ्हाडात कुठे ठरलेलं नाही.

तुझ्या रागाचं कारण मी जीपमध्ये बसून शोधून काढलं. तुला अस्वलाची भीती वाटली असणार. तर इथे चहूकडून कुंपण आहे आणि रात्री दिवे असतात. जेवणाची काळजी असेल तर मेसमध्ये शालू नावाची बाई पोळ्या करते. बऱ्या करते. तुझ्यासारख्या नाहीत, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

शनिवारी चहा पिताना मी 'सोमवारी निघतो' एवढंच म्हणालो, काम काय ते सांगायचं राहिलंच. इथे जमिनीत फार खोल बोअर मारलं आहे. खालून उकळतं पाणी आणि वाफ येते. वाफ टर्बाइनवर जाते आणि वीज होते. हे गेल्या वर्षापासून चाललं आहे. उरतं ते गरम पाणी. ते आजवर तसंच पुन्हा जमिनीत सोडून देत होते. हात भाजेल इतका ताप त्यात, सगळा वाया. आता त्या उरलेल्या तापावर एक दुसरं छोटं यंत्र बसवलं आहे, आणि त्यासाठी मला बोलावलं आहे.

तुझ्या माहेरच्या चुलीला बाजूला वैल होता, आठव. चुलीच्या तोंडावर भाकरी व्हायची आणि उरलेला जाळ आतून वैलाकडे सरकायचा, त्याच्यावर वरण शिजायचं. त्याला वेगळी काडी लागत नसे. आमचं दुसरं यंत्र म्हणजे वैल. फक्त उरलेल्या पाण्यात आता मोठं टर्बाइन फिरवण्याइतका जोर नसतो. म्हणून त्याच्या शेजारून नळीतून दुसरं एक द्रव फिरवतात, पेंटेन नावाचं. ते अंगाच्या उबेवरसुद्धा उकळतं. (असं एक माणूस आपल्या घरात आहे, पण ते असो.) त्याची वाफ छोटं टर्बाइन फिरवते, मग पंख्यांच्या वाऱ्यानं निवून तिचं परत द्रव होतं, आणि पुन्हा पहिल्यापासून.

इथली साहेब म्हणजे रश्मी. आपल्या औष्णिक केंद्रात माझ्या हाताखाली शिकली, घरी येऊन तुझ्या हातचे सांडगे खाऊन गेली, तीच. तिला यंत्र सुरू करायला जुना माणूस हवा होता. सप्टेंबरपर्यंतचंच काम आहे. निवृत्त झाल्यापासून मी गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह उघडत आणि बंद करत बसलो होतो. उरलेल्या पाण्याचा जसा उपयोग निघाला तसा माझाही निघाला, असं समज.

उत्तर लिही. तोंड उघडावं लागत नाही.

खुशालराव

*

साईनगर, अमरावती
३० मे २०२५

ति. भावजींना इंदूचा नमस्कार.

पत्र मिळालं. ताईनं त्याला हात लावला नाही. अबोल्यात माणसाच्या कागदालाही हात लावत नसतात, असं तिचं म्हणणं. शेवटी मी वाचलं आणि तिनं भिंतीकडे तोंड करून ऐकलं. आता उत्तर ती भिंतीलाच सांगते आहे आणि मी लिहिते आहे, तेव्हा चूकभूल माफ असावी.

ताई म्हणते, "त्यायले सांग, वैल मले शिकवू नका. वैलावर म्या जलमभर वरण शिजवलं. हे कवा बसले वैलापाशी?"

ताई म्हणते, "अस्वलाले मी काहून भेऊ? अस्वलानं भ्यावं." (पुढे अस्वलाविषयी ती आणखी बोलली. ते लिहिण्यासारखं नाही.)

पेंटेनबद्दल तुम्ही कंसात जे लिहिलं ते मी वाचायला नको होतं. वाचलं. त्यावर ती उठून गच्चीवर गेली आणि वाळत घातलेले पापड सगळे एकदम उलटे करून आली.

मग थोडी शांत झाली. ताई म्हणते, आपण प्रकृतीस जपावे. दुपारच्या उन्हात फिरू नये. आपण नसल्यामुळे करमत नाही, परंतु काम चांगले आहे याचा आनंद वाटतो.

राग उतरतो आहे, भावजी. तुम्ही असंच लिहीत राहा, मात्र कंस टाळा.

इंदू

*

झरीखेडा
२२ जून २०२५

सौ. पार्वतास,

'दुपारच्या उन्हात फिरू नये' हे वाक्य मी रश्मीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, काका, काकू विरघळल्या. मीही तेच म्हणतो. करमत नाही असं तू आजवर कधी बोलली नव्हतीस. तुला लिहितानाच असं जमत असेल तर हा अबोला फार वाईट गेला नाही म्हणायचं.

मीही मग दुपारी फिरलो नाही. आमचं यंत्रच दुपारी काम करत नव्हतं. झालं असं की मेअखेरीस आम्ही ते सुरू केलं, सकाळी झकास चाललं, आणि जेवणाच्या सुमारास वीज उतरत उतरत निम्म्यावर आली. वऱ्हाडी माणसासारखं यंत्राला वरणभातानंतर डोळा लागायचा. कंपनीचे साहेब पुण्याहून आले होते. त्यांना वाटलं खालचं पाणीच थंड झालं. रश्मीनं त्यांना कुंपणापाशी उन्हात नेऊन उभं केलं आणि समजावलं. नुसता ताप असून भागत नाही. वाफ निवली पाहिजे, निवून परत आली पाहिजे. पंखे हवा मारतात, पण ती हवाच तापलेली असेल तर निवणार कशी? उकळायला काही लागत नाही, थंड होऊन परत येणं हेच खरं काम, असं ती म्हणाली. मी म्हटलं, हे घरी कळवतो.

मी निघताना बिल्कीसभाभींचे अब्दुल सत्तारभाई मला म्हणाले होते, खुशालराव, उरलेल्या तापावर वीज होत असेल तर आपल्या अकोल्यावर अख्खा महाराष्ट्र चालेल, तिथं कशाला जाता. तू गेलीस तर त्यांना सांग की अकोल्यात ताप भरपूर आहे, निवायची सोय नाही. त्यांनी त्यांच्या दुकानातले सगळे कूलर लावले तरी पुरायचे नाहीत.

आता पाऊस लागून हवा निवली आहे आणि यंत्र दुपारीही जागं राहतं. झरीखेड्याच्या आश्रमशाळेचे दिवे, पिठाची गिरणी आणि दवाखाना आमच्या वैलावर चालतात. उगाच वाया जाणारं पाणी होतं ते. संध्याकाळी शाळेचे दिवे लागले की मी कुंपणापाशी उभा राहून बघतो. मला फार बरं वाटतं, पार्वता. सांगायला दुसरं कोणी नाही म्हणून तुलाच लिहितो.

पोळ्याला यावं म्हणतो. यंत्राला दोन दिवस रश्मी बघेल. पुरणपोळीचं काय ते इंदूला सांगून ठेव. मग तिकडून आपण जोडीनं अकोल्याला जाऊ. इंदूला आपला त्रास किती दिवस द्यायचा?

खुशालराव

*

साईनगर, अमरावती
६ ऑगस्ट २०२५

ति. भावजी,

उत्तराला उशीर झाला. ताईला तुमचं पत्र फार आवडलं. मी वाचत होते तर मध्येच म्हणाली, "पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचलं. त्या दिवशी तिनं स्वतःहून स्वयंपाक केला आणि भाजीत तिखट बेतानं होतं.

पोळ्याचं विचारलं. ताई म्हणते, "पोळ्याले बैल बी घरी येते." यावर मी काय लिहू? या. पुरणाची डाळ आणली आहे.

इंदू

*

झरीखेडा
२८ ऑगस्ट २०२५

इंदू,

मला एकच सांग. त्या पत्रांत पार्वताचं काय होतं आणि तुझं काय होतं?

मी पोळ्याला नवा शर्ट घालून आलो. अमरावतीच्या एसटी स्टँडवर ऑटोत बसताना हारवाल्याकडून गजरासुद्धा घेतला, आणि तो खिशात ठेवून दारात उभा राहिलो. दार पार्वतानं उघडलं. मी हसलो. ती माझ्याकडे बघत राहिली, कशाची तरी वाट बघत असल्यासारखी. मी म्हणालो, पुरणाचा वास येतो आहे. एवढंच म्हणालो. तिचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं माझ्या मागे कोणी उभं आहे. मग ती आत गेली आणि दोन दिवस माझ्याकडे पाठ करून राहिली.

दुसऱ्या दिवशी पोरांच्या तान्ह्या पोळ्याचा तुमचा लाकडी नंदी पाटावर मांडला होता. ती त्याच्याशी बोलत होती. माझ्यासमोर. "नंदीबावा, पाव्हण्याले इचार, भाजी वाढू का." मी हो म्हणालो, तर म्हणे, "नंदीबावा, तुले काही ऐकू आलं का? मले त नाही आलं." गल्लीतल्या बाया पूजेला आल्या होत्या, त्या पदराआड हसत होत्या. जेवण सगळं नंदीच्या मार्फत झालं. पुरणपोळी छान होती, ते तरी त्याच्याकडून कळव असं मी म्हणालो, तर तेही नंदीला आवडलं नाही.

निघताना मी गजरा त्याच्याच शिंगावर ठेवला.

एसटीत बसून मी तुझी पत्रं पुन्हा वाचली. 'आपण प्रकृतीस जपावे.' पार्वतानं मला उभ्या जन्मात 'आपण' म्हटलेलं नाही. हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. खरं काय ते लिही. माझा राग नाही. थोडा आहे.

इकडे येतो तर यंत्र बंद पडलेलं. एक पंखा गेला होता, वाफ निवेना, म्हणून यंत्र आपोआप थांबलं. त्यातच चार दिवस गेले.

खुशालराव

*

जुने शहर, अकोला
५ सप्टेंबर २०२५

झरीखेड्याच्या वैलावर बसलेल्या माणसास,

हे पत्र माझ्या हातचं आहे. शाळा सुटल्यापासून एवढं मोठं काही लिहिलं नव्हतं, तेव्हा ओळी चढत्या-उतरत्या आहेत. इंदूला तुमचं पत्र आलं ते मी तिच्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. मग तिला समोर बसवलं. ती रडली आणि मग तिनं सगळं सांगितलं. त्याच दिवशी मी बॅग भरून अकोल्याला आले. महालक्ष्म्या घरी बसवायच्याच होत्या. नैवेद्याला बिल्कीसभाभीनं घरच्या कढीपत्त्याच्या फांद्या आणून दिल्या आणि सत्तारभाईंनी कूलर फुकट नीट करून दिला. तुमचा निरोप मी त्यांना सांगितला. ते म्हणाले, खुशालराव तिथं जाऊन शहाणे झाले.

तर इंदूनं काय केलं ते ऐका. मी म्हणाले होते, पोळ्याला बैलसुद्धा घरी येतो, हे यायचे नाहीत, आणि आले तरी मी दार उघडणार नाही. तिनं पहिली अर्धी ओळ लिहिली. हे तुमच्या बाजूचं झालं. माझ्या बाजूचं मोठं आहे. तुमचं जूनचं पत्र तिनं मला वाचून दाखवलं, त्यात शेवटी 'पार्वता, माझं चुकलं, तुला न विचारता आलो' असं होतं. मी ते पुन्हा वाचायला लावलं. तिनं पुन्हाही तसंच वाचलं. मी चार दिवस हवेत होते. पोळ्याला दार मीच उघडलं, कारण मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. आणि तुम्ही म्हणालात, पुरणाचा वास येतो.

आता तुम्ही शोधलेली कारणं. अस्वल, ऊन, मेसची पोळी. एकही बरोबर नाही.

तुम्ही जन्मभर पाळ्या केल्या. सकाळपाळी, दुपारपाळी, रातपाळी. अर्ध्या महालक्ष्म्यांना तुम्ही ड्युटीवर होता. घरी यायचे ते डोळे मिटायलाच यायचे. मी कधी काही म्हटलं नाही. घर त्याच्यावर चालत होतं आणि मला त्याचा अभिमानच होता. मी मनाशी म्हणायचे, मोठा जाळ त्या केंद्राचा आहे, असू दे, उरलेली ऊब तर माझी आहे. मग तुम्ही निवृत्त झाले. तुम्ही लिहिता की तीन वर्षं टाकीचा वॉल्व्ह उघडत आणि बंद करत बसलो होतो. मला ती वर्षं फार चांगली गेली हो. संध्याकाळी आपण मोर्णा नदीच्या पुलापर्यंत चालत जायचो, तुम्ही शेंगदाणे घ्यायचे आणि सोलून मला द्यायचे. तुम्हाला ते रिकामपण वाटलं हे मला तुमच्या पत्रातून कळलं.

ती ऊबसुद्धा तुम्ही उचलून कंपनीच्याच वैलावर ठेवली. ठेवायची होती तर ठेवायची होती. पण ती माझ्या वाट्याची होती, मला विचारायला पाहिजे होतं. कप खाली ठेवता ठेवता सांगितलं, सोमवारी निघतो. मी जाऊ नका म्हणाले असते असंही नाही. काय म्हणाले असते ते मलाच माहीत नाही, कारण मला कोणत्याच गोष्टीत कोणी विचारलेलं नाही. माहेरी नाही आणि इथं नाही.

अबोला आहे तो आहेच. हे बोलणं नाही, लिहिणं आहे. नियम तुमचाच.

पार्वताबाई

*

झरीखेडा
१२ सप्टेंबर २०२५

पार्वता,

तुझं पत्र मेसमध्ये वाचलं आणि ताट तसंच सोडून उठलो. शालूला वाटलं भाजी बिघडली. तिला समजवायला मला बाहेरून परत यावं लागलं.

इतकी वर्षं यंत्रांत घालवून मी एक गोष्ट चुकीची शिकलो. उरलेलं म्हणजे कोणाचंच नसलेलं, असं मी धरून चाललो. इंदूनं जे वाचून दाखवलं ते मी लिहायला हवं होतं. आता लिहितो, माझं चुकलं. हे माझ्या हातचं आहे, हवं तर अक्षर पाहून घे.

आणखी एक गोष्ट आहे, ती लपवत नाही. काल रश्मीनं विचारलं, काका, मार्चपर्यंत राहाल का? कागद तिनं पुढे सरकवला होता आणि पेन माझ्या खिशातच होतं. मी म्हणालो, घरी विचारून सांगतो. ती म्हणाली, काका, मी तुमच्या हाताखाली इतकी राहिले, हे वाक्य नव्हतं ऐकलं.

मी तुला पत्रातून विचारणार नाही. ते पुन्हा कळवल्यासारखंच होईल. तू इथे ये. परतवाड्याहून सकाळची एसटी थेट फाटकाशी येते. सगळं बघ, मग मी समोर उभा राहून विचारतो. तू बोलणार नाहीस हे मला ठाऊक आहे, नुसती मान हलव. नाही म्हणालीस तर त्याच गाडीनं आपण दोघं परत येऊ.

नंदीला आणू नकोस.

तुझा
खुशालराव

*

झरीखेडा
१९ सप्टेंबर २०२५

इंदू,

तुझ्यावरचा राग संपला आहे, हे आधी लिहिते, नाहीतर तू धडधडत पुढचं वाचशील.

मी परवा इथे आले. ते फाटकापाशी उभे होते, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. माझी बॅग घेतली आणि पुढे चालायला लागले. मी मागून. अबोला चालूच होता. शालूनं चहा दिला, ती बिचारी दोघांच्या मध्ये बसून एकदा इकडे बघायची आणि एकदा तिकडे. रश्मी आली आणि माझ्या पाया पडली. तिला पाहून बरं वाटलं. पोरगी वाळली आहे, पण सगळे तिला मान देतात.

मग त्यांनी मला यंत्रं दाखवली. बाई गं, काय तो आवाज. मोठं टर्बाइन एका शेडमध्ये आहे. त्याच्या पलीकडे उघड्यावर लांबच लांब नळ्या आणि त्यांच्यावर छपरासारखे आडवे पंखे. तो यांचा वैल. त्यांनी मला एका नळीवर हात ठेवायला लावला. दोन्ही यंत्रांनी आपापलं घेऊन झालं तरी पाणी ऊनच होतं, नळीवर जाड वेष्टण गुंडाळलेलं असूनही जाणवत होतं. म्हणाले, हे आता परत जमिनीत जातं आणि खाली पुन्हा तापतं. इतक्या मन लावून सांगत होते की मी त्यांच्याकडेच बघत होते. इंदू, हा माणूस इथे दहा वर्षांनी लहान दिसतो. गच्चीवर असा दिसत नव्हता. मला हे अकोल्यात बसून कळलं नसतं.

तेव्हाच मी मनात ठरवलं की राहू द्यावं यांना. मीही इथेच राहीन, खोली आहे, स्वयंपाकाची सोय आहे, शालूच्या पोळ्या खरंच बेताच्या आहेत. उगाच अकोल्याला परत कशाला न्यायचं?

तेवढ्यात ते थांबले. डोक्यावरची ती प्लास्टिकची टोपी काढून हातात घेतली आणि सरळ माझ्यासमोर उभे राहिले. आवाज असल्यामुळे जरा मोठ्यानंच म्हणाले, "पार्वता, मार्चपर्यंत राहू का? तू म्हणशील तसं."

मला मान हलवायची होती. हो अशी. पण मी त्यांच्याकडे पाहिलं आणि काय झालं कोण जाणे, तोंडातून आलं, "नाही."

चार महिन्यांतला पहिला शब्द. तो असा निघाला.

मला वाटलं आता विचारतील, काहून? आता सांगतील की रश्मीचं अडेल, शाळेचे दिवे जातील, लोक काय म्हणतील. निदान चेहरा तरी पाडतील. त्यातलं काही झालं नाही. "बरं," म्हणाले. टोपी घातली आणि वळून रश्मीच्या ऑफिसकडे चालायला लागले. संध्याकाळची गाडी किती वाजता असते ते वाटेत एकाला विचारलंसुद्धा.

मी तिथंच उभी राहिले आणि मला रडू आलं. मग एकदम लक्षात आलं की हा माणूस खरंच नोकरी सोडायला निघाला आहे. मी मागे धावले. हाक मारली तर पंख्यांच्या आवाजात काही जाईना. शेवटी काय करते, होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले, "अहो, थांबा!" सगळे कामगार वळून पाहायला लागले. शालू मेसच्या दारात आली. चार महिने राखलेला अबोला मी असा चारचौघांत मोडला.

ते थांबले. मी जवळ जाऊन म्हणाले, "राहा मार्चपर्यंत. मी बी राहतो. पण पुढच्या बारीले चहाच्या आधी इचारायचं." ते म्हणाले, "विचार करून सांगतेस ना?" मी म्हणाले, "इचार करूनच सांगून राहिली."

रश्मीनं तिथल्या तिथे कागद काढला. सही करण्याआधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

आता तू बिल्कीसभाभीला फोन करून कळव की किल्ली तिच्याकडेच राहू दे. कपाटातली माझी जाड शाल आणि तांब्याची परात मात्र परतवाड्याच्या गाडीनं पाठव, इथल्या थंडीचं काही सांगता येत नाही.

एक गोष्ट फक्त तुला सांगते. त्यांना वाटतं की मी आधी रागानं नाही म्हणाले आणि मग माझं मन पालटलं. तसं वाटू दे. माझं मन तर हो म्हणत होतं. पण आजवर माझ्या नाहीला काही वजन आहे का ते मला माहीतच नव्हतं. एकदा ठेवून पाहिलं, आणि ते खरंच चालायला लागले गं इंदू.

तुझी
ताई